किरिस्तावाच्या घरचा घास

सोजराबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणात हंडा घासत होते. वाडीतले बंडूआप्पा कुंपणाशी येऊन थांबले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "सोजरा गेली पहाटं. दुपारच्या आत माती हाय." एवढं सांगून ते गेले नाहीत, तिथंच उभे राहिले. ते कशासाठी उभे आहेत हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून मी हंडा आणखी जोरात घासायला घेतला.

"वैनी, घासाचं काय ते बगा," ते अखेर म्हणाले आणि टोपी न घालताच निघून गेले.

आमची वाडी गुंजवण्याच्या वरच्या अंगाला आहे, धरणाच्या पाण्यावर. जुनी वाडी पाण्याखाली गेली, घरं वर सरकली, माणसं तीच राहिली. सगळी एका भावकीची. त्यामुळं एका घरात माणूस गेलं की सुतक सगळ्या घरांना, आणि त्या दिवशी वाडीत एकही चूल पेटत नाही. सोयरेधायरे लांबचे, ते भाकरी घेऊन येतात दुसऱ्या दिवशी. तोवर पोराबाळांनी काय खायचं? तर आमच्याकडचं. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात सुतक नाही. वाडीच्या भाषेत आमचं घर म्हणजे किरिस्तावाचं घर.

माझ्या नवऱ्याचे आजोबा गवंडी होते. इथं देवळाचा ओटा बांधायला आले आणि काम अर्धं असताना पोटाच्या दुखण्यानं आडवे झाले. कुणीतरी त्यांना लांबच्या मिशन दवाखान्यात नेलं. परत आले ते बरे होऊन आणि बाप्तिस्मा घेऊन. वाडीनं चार दिवस नाकं मुरडली. मग ओटा अर्धाच राहिलाय हे लक्षात आलं आणि सगळं सुरळीत झालं. पुढं कधीतरी एका मयताच्या दिवशी आजेसासूबाईंनी टोपलीभर भाकऱ्या नेल्या, आणि तेव्हापासून ती रीतच पडली. मातीहून माणसं परतली की किरिस्तावाच्या घरनं कडू घास जायचा. पहिला घास ज्याचं माणूस गेलं त्याच्या तोंडात, आपल्या हातानं. त्यानं तो गिळल्याशिवाय भावकीतलं कुणी अन्नाला शिवायचं नाही. माझ्या सासूबाईंनी, धोंडाबाईंनी, उभा जन्म हे केलं. त्यांची नजर गेल्यावर माझ्याकडं आलं. शनिवार-रविवार गडावर येणाऱ्या पोरांसाठी मी पिठलं-भाकरी करते, त्यामुळं भाकऱ्यांच्या ढिगाची मला भीती नाही.

भीती नव्हती, राग होता. कारण सोजराबाई रखमाजीची बायको होती.

रखमाजी आमचा शेजारी. माझ्या नवऱ्याच्या, स्वरूपच्या बरोबरीचा. दोघं खडीच्या खाणीवर एकत्र कामाला जायचे. वाडीतले सगळेच पुरुष जातात. भाताची खाचरं धरणात गेली, उरलेल्या तुकड्यांवर पोट भरत नाही. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी लाल बावटा दाखवायचा आणि लांब शिट्टी वाजवायची, हे रखमाजीचं काम. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी सुरुंग उडाला तेव्हा स्वरूप पाण्याचा कॅन घेऊन त्याच बाजूनं येत होता. दगड डोक्यात बसला. मी तेव्हा माहेरी भोंगवलीला होते, भावाच्या घरी बारसं होतं. परत आले तर अंगणात माणसंच माणसं.

रखमाजीनं जबाब दिला की शिट्टी दोनदा वाजवली, बावटा दाखवला, पण स्वरूप प्यायलेला होता, तो ऐकेना. झालं. मेलेल्याचाच हलगर्जीपणा ठरला आणि खाण दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाली. माझा नवरा आयुष्यात दारूच्या वासाला गेला नव्हता. भोरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या वेळी मिळणारा द्राक्षरस, तेवढंच त्याचं पिणं, आणि तेही तोंड वाकडं करून. मी वाडीत घरोघर फिरून विचारलं. प्रत्येकानं सांगितलं, "वैनी, आमी लांब हुतो, आमाला काय ठावं न्हाई." मी विश्वास ठेवला. लांब होते तर त्यांना कसं कळणार? खोटं बोलणारा एकटा रखमाजी, असं मी मनात पक्कं केलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. माझा नवरा दारुडा म्हणून गेला. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही, आणि त्याच्या बायकोची कुणी विचारत नाही.

मंडळीतले लोक भेटायला आले, चांगली माणसं आहेत. म्हणाले, देवाची इच्छा. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं की देवाच्या इच्छेत खोटा जबाबही येतो का. चर्चचे पाळकसाहेब गप्प बसले. तेवढ्यासाठी मला ते आवडतात. बाकीच्यांनी मला धीर धरायला सांगितलं. मी दर महिन्याला एसटीनं भोरला जाते, गाणी म्हणते, डोळे मिटते, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं रखमाजी येतो. आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा म्हणतात. ज्यांचे वैरी लांबच्या देशात असतात त्यांना ते सोपं जात असेल. माझ्या वैऱ्याचा नळ माझ्या नळाला लागून आहे.

आणि याच्यात एक गोष्ट मला फार सलायची. स्वरूप गेला त्या दिवशी घास आमच्याकडं आणायचा कुणी? आमच्यात रीत नाही, आम्ही उपाशी राहिलो असतो तरी चाललं असतं. तर संध्याकाळच्या आत सोजराबाई भाकरी घेऊन आली. "तुमाला सुतक नसलं म्हणून भूक बी नसती व्हय?" म्हणाली आणि माझ्या तोंडाशी घास धरला. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मी तो घास खाल्ला. चारच दिवसांनी जबाबाचं कळलं आणि वाटलं, तो घास ओकून टाकावा. तिला ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. पुढं तिचं मूत्रपिंडाचं दुखणं बळावलं, ती वाळत गेली. नळावर दिसली की मी हंडा अर्धाच भरला असला तरी उचलून चालायला लागायचे.

तर अशा घरी घास न्यायचा होता.

मी आत गेले. आत्या, म्हणजे सासूबाई, चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचा दिवस तिथंच जातो. त्यांनी बंडूआप्पांचं बोलणं ऐकलं होतं.

"चूल पेटीव," त्या म्हणाल्या.

"मी नाही करणार, आत्या."

"पोरं सकाळधरनं उपाशी असत्याली."

"त्यांना बिस्किटं देतील. त्या माणसाच्या तोंडात मी घास घालायचा? ज्यानं तुमच्या लेकाला दारुडा केला?"

आत्या भिंतीला धरून उठल्या, चाचपत पिठाच्या डब्यापाशी गेल्या, परातीत पीठ घेतलं आणि मळायला बसल्या. मी बघत राहिले. चूल त्यांनीच फुंकून पेटवली. भाकरी थापली, पण त्यांच्या मनगटात आता जोर नाही. तव्यावर टाकताना ती मधोमध मोडली. त्यांनी ते दोन तुकडे तसेच भाजले, हातानं चाचपून उलटले, बाजूला ठेवले आणि दुसरा गोळा घेतला. तोही फुटायला लागला.

मोडकी भाकरी मला बघवत नाही. माझा तो स्वभाव आहे. "सरका तिकडं," मी म्हणाले, "हाताची वाट लावून घ्याल." आणि त्यांच्या जागी बसून भराभरा भाकऱ्या थापल्या. रागात माझ्या भाकऱ्या छान होतात. टोपली भरेपर्यंत माझ्या मनात एक विचार पक्का झाला होता आणि त्यानं मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

विचार असा होता. त्यानं घास गिळल्याशिवाय भावकी जेवत नाही. सगळी वाडी अंगणात बसलेली असणार. मी घास त्याच्या तोंडाशी नेईन आणि थांबेन. म्हणेन, आधी खरं बोल. शिट्टी वाजवली होतीस का सांग. माझा नवरा प्यायला होता का सांग. मग खा. इतकी वर्षं आमच्या घरानं फुकट घास दिला, आज त्याची किंमत मागितली तर काय बिघडलं? मागणी तर खऱ्याचीच होती. शास्त्रातही खऱ्याचीच बाजू आहे. वाटेनं मी प्रभूला हे सगळं समजावून सांगितलं. तो काही बोलला नाही, आणि त्याचं गप्प राहणं मी होकार धरला.

माणसं मातीहून परतली होती. दारात कडुलिंबाचे डहाळे पडले होते. रखमाजी ओसरीवर ओल्या धोतरानं बसला होता, अंगावर उपरणं. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. दोन वर्षांत मी त्याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. तो म्हातारा दिसायला लागला होता. अंगणात सगळे पुरुष, पलीकडं बाया, त्यांच्या मांडीवर पोरं. मला बघून कुजबूज थांबली. त्यांना वाटलं नसावं मी येईन.

मी टोपली खाली ठेवली. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्यापुढं बसले. हात पुढं केला. त्यानं तोंड उघडलं नाही. माझ्याकडं बघितलं, मग घासाकडं बघितलं आणि ओठ आणखी घट्ट मिटले. त्याची हनुवटी हलत होती. कुणाच्या तरी मांडीवरचं पोर भाकरीसाठी रडायला लागलं.

आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, तोंडात आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच माझ्या नजरेस माझा हात पडला. बुडवलेला घास धरलेला हात. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री अशाच एका जेवणात प्रभूनं घास बुडवला होता आणि ज्या शिष्यानं दगा द्यायचं ठरवलं होतं त्याच्या हातात दिला होता. हे मी कितीतरी वेळा ऐकलंय, पाळकसाहेब दर वर्षी वाचतात. पण त्यानं त्या माणसाला काय विचारलं होतं? काहीच नाही. आधी कबूल कर, असं म्हणाला नाही. पश्चात्ताप कर मग खा, असंही म्हणाला नाही. त्याला सगळं माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरी नुसता घास दिला.

मला प्रभूचा रागच आला. खरंच आला. बोलायच्या वेळी गप्प बसतो आणि गप्प बसायला सांगायच्या वेळी हे असं आठवण करून देतो. हात धरून धरून भरून आला होता. पिठल्याचा थेंब माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"खा, भावजी," मी म्हणाले. "पोरं उपाशी आहेत. खा."

त्यानं तोंड उघडलं. मी घास घातला. तो चावेना, नुसता धरून बसला, मग कसाबसा गिळला. बायांनी पोरांना पुढं सरकवलं. मी टोपलीतल्या भाकऱ्या वाटायला लागले, पिठलं घालायला लागले. काम संपलं म्हणायचं. आतून मी जळत होते. खरं मागायची एकच वेळ होती आणि ती मी हातानं घालवली होती. स्वरूपला मी काय सांगणार होते?

तेवढ्यात मागनं आवाज आला. "शिट्टी वाजीवली न्हवती म्या."

कुणी चावायचं थांबलं, कुणाचा हात पाण्याच्या तांब्यापाशी थांबला. रखमाजी जमिनीकडं बघत बोलत होता. "फोन वाजला. सोजराचा हुता. तिच्या पोटात कळ आली हुती, ती रडत हुती. म्या तिकडंच ऐकत राह्यलो. शिट्टी हातातच राह्यली. स्वरूप प्यालेला न्हवता. कामावरनं काढतील, सोजराचं औषिद बंद पडंल म्हणून तसं बोललो. तिला कळलं तवा ती म्हणली, तुमी खाल्लं खोटं, आता पचवा. मरस्तवर ती मला त्यावरनं दुसरा शबुद बोलली न्हाई."

मी टोपली धरून उभी होते. मला वाटलं होतं हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. मी अंगणाकडं वळले. म्हटलं, ऐकलं ना सगळ्यांनी? आता तरी कळलं ना तुम्हाला?

कुणी मान वर केली नाही. एकानंही नाही. चकित झालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो हे मला कळतं, आणि त्या अंगणात तसा एकही चेहरा नव्हता.

बंडूआप्पांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "वैनी," ते हळू म्हणाले, "आमी लांब न्हवतो. चिंचंखाली जेवत हुतो, समद्यांनी बगितलं. खाण बंद पडली असती तर कुटं गेलो असतो आमी?"

सगळ्यांच्या हातात माझी भाकरी होती. हे लोक दोन वर्षं मला नळावर भेटत होते, सणाला पोळी पाठवत होते, आमाला काय ठावं न्हाई म्हणत होते. एका रखमाजीला वाळीत टाकून मी बाकीच्यांशी गोड बोलत होते. टोपली उचलून निघून जावं असं वाटलं. पाय उचललाही.

आजवर मी त्या जेवणातल्या एकाचाच विचार करत आले होते. दगा देणारा एकच होता ना. पण बाकीचे अकरा शिष्य? प्रभूला धरून नेलं तेव्हा पहाटेच्या आत तेही पळाले. एकानं तर मी त्याला ओळखतच नाही म्हणून शपथा वाहिल्या. त्यांनाही त्यानं तीच भाकर मोडून दिली होती, आणि तेव्हाही त्याला ठाऊक होतं. बारा माणसांना वाढताना त्याचे हात कसे चालले असतील, कोण जाणे. मला त्याची कीव आली. माझ्या मनात देवाविषयी दया कधी आली नव्हती. त्या अंगणात ती आली, आणि मी रडले. सगळ्यांसमोर, पदर न लावता रडले.

मग बंडूआप्पांची भाकरी जमिनीवरनं उचलली, झटकली आणि बाजूला ठेवली. टोपलीतली दुसरी काढली, तिच्यावर पिठलं घातलं.

"हात पुढं करा," मी म्हणाले.

त्यांनी केला. सगळ्यांनी केले. मी शेवटपर्यंत वाढलं. माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण तसं वाटत नव्हतं. वाढलं, एवढं खरं.

घरी आले तेव्हा आत्या तशाच चुलीपाशी होत्या.

"पुरल्या का?"

"पुरल्या." मी रिकामी टोपली खाली ठेवली. "रखमाजी खरं बोलला, आत्या. सगळ्यांपुढं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आन् बाकीचे?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"खाणीची शिट्टी हितं चुलीपशी रोज ऐकाय येती, पोरी. त्या दिशी आली न्हाई, नुसता बार आला." त्यांनी गुडघ्यावरचा हात दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. "आंधळीला कळलं, तर चिंचंखालच्यांस्नी कळलं नसंल व्हय?"

"मग मला का नाही सांगितलं? दोन वर्षं?"

"तुला ह्यांच्यातच जगायचं हुतं. एका रखमाजीवर राग धरलास तरी बाकीच्यांशी बोलत हुतीस, त्यांच्या पोरांना खेळवत हुतीस. समद्यांचं कळलं असतं तर कुणाच्या दारात गेली असतीस?"

म्हणजे ही बाई सगळं माहीत असताना दोन वर्षं यांची विचारपूस करत होती. माझ्या तोंडाची गोडी जाऊ नये म्हणून लेकाच्या मरणाचं खरं एकटी पोटात घेऊन बसली होती. आणि आज सकाळी, त्याच हातांनी, तिनं यांच्यासाठी पीठ मळलं होतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

त्यांनी तव्याच्या बाजूला चाचपलं. सकाळची मोडलेली भाकरी तिथंच होती, ती मी टोपलीत घेतली नव्हती. तिचा एक तुकडा त्यांनी उचलला, माझं तोंड कुठं आहे ते दुसऱ्या हातानं शोधलं आणि घास पुढं केला.

"तुला कुणी दिला न्हाई आज," त्या म्हणाल्या. "खा."